भंगारातली स्किड प्लेट छोट्या गाडीला बसवताना

जांभ्याचा ओबडधोबड रस्ता, शेतावरच्या घराकडे जाणारी मुरमाची वाट, गावाच्या तोंडाशी कुणीतरी हाताने घातलेला गतिरोधक: छोट्या गाडीचं पोट घासतं ते बहुधा अशा ठिकाणी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. इतका पसरट उंचवटा १६०-१७० मिमी ग्राउंड क्लिअरन्सच्या (जमिनीपासून पोटापर्यंतच्या उंचीच्या) गाडीला सहसा लागत नाही. पण तेवढीच उंची हातभर रुंदीत उभी केली आणि गाडीत पाच माणसं बसली, की पोट टेकलंच. इंजिनच्या तळाशी तेल साठवणारा जो डबा असतो, गॅरेजमध्ये ज्याला चेंबर म्हणतात, तो अशा वेळी सर्वांत आधी मार खातो. ॲल्युमिनियमचा असेल तर तडकतो आणि तेल रस्त्यावर सांडतं. पत्र्याचा असेल तर नुसता आत दबतो, आणि हे जास्त फसवं आहे. दबलेला पत्रा तेल ओढणाऱ्या जाळीच्या तोंडाशी जातो, पंपाला तेल पुरत नाही आणि इंजिनची बेअरिंगं बिघडतात. बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे चेंबरखाली स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची प्लेट, म्हणजेच स्किड प्लेट. नवी विकत घेण्याऐवजी मोडीत निघालेल्या गाडीची घेतली तर भंगाराच्या भावाच्या आसपास काम होतं. मात्र एक गोष्ट पक्की धरून चाला. प्लेट हे या कामातलं सोपं अंग आहे. धक्का प्लेटवर बसतो, पण तो पेलायचा असतो गाडीच्या सांगाड्याने, आणि सांगाड्यापर्यंत तो पोचतो चार-सहा बोल्टांतून. म्हणून प्लेट जुनी चालेल, थोडी वाकडी चालेल, पण पकड आणि बोल्ट यांत काटकसर चालणार नाही.

आधी गाडीखाली नीट बघा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका, एका मिनिटासाठीही नाही. जॅक स्टँड हवेतच. त्याहून चांगला म्हणजे गॅरेजचा खड्डा किंवा लोखंडी रॅम्प, कारण तिथे गाडीचं वजन चाकांवरच राहतं. जॅकवर उचलल्यावर चाकं खाली लोंबतात, त्यांच्याबरोबर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), अँटिरोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी) आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारा दांडा) यांच्या जागा बदलतात. त्या अवस्थेत घेतलेली मापं रस्त्यावर चुकतात. बसवलेली प्लेट पहिल्याच खड्ड्यात आर्मला लागते ती बहुतेक यामुळेच.

खाली दिवा लावून घासल्याच्या खुणा शोधा. गाडी नेमकी कुठे टेकते हे त्या खुणाच सांगतात. बऱ्याच पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत चेंबरच्या पुढे रेडिएटरखालचा आडवा क्रॉस मेंबर असतो आणि मागे सबफ्रेम, म्हणजे लोअर आर्म वगैरे ज्यावर बसतात ती चौकट. या दोघांच्या खालच्या कडा जोडणारी एक रेषा मनात ओढा. चेंबर त्या रेषेच्या वर असेल तर नशीब चांगलं: प्लेट त्याच पातळीत बसते आणि जमिनीपासूनची उंची फक्त पत्र्याच्या जाडीएवढी आणि बोल्टच्या डोक्याएवढी कमी होते. चेंबर रेषेच्या खाली येत असेल तर प्लेट त्याच्याही खाली न्यावी लागेल आणि २०-२५ मिमी उंची जाईल. १६५ मधून २५ गेले तर प्लेट आधी जिथे काही लागत नव्हतं तिथेही टेकू लागते. अशा गाडीला सपाट प्लेट न लावता मध्ये खोलगट असलेली शोधावी.

इलेक्ट्रिक गाडीचं गणित वेगळं आहे. तिथे खाली बॅटरीचं आवरण आणि नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारा असतात. हा लेख त्या गाड्यांसाठी नाही, आणि बॅटरीच्या आवरणाला भोक पाडणं किंवा काही टांगणं तर कधीच नको.

भंगारात काय शोधायचं

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. इतर शहरांतही मोडीच्या गाड्या फोडणाऱ्यांच्या रांगा असतात. पहिली पसंती आपल्याच मॉडेलच्या प्लेटला. ती नाही मिळाली तर त्याच कंपनीच्या, त्याच इंजिनच्या दुसऱ्या गाडीची. तीही नसेल तर एखाद्या उंच गाडीखालची मोठी, साधी प्लेट घ्या आणि कापून बसवा. मोठी लहान करता येते, लहान मोठी करायला गेलं की वेल्डिंगचे सांधे वाढतात आणि प्लेट तिथेच तुटते.

प्लेटबरोबर तिचे ब्रॅकेट (पकडीच्या पट्ट्या), स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) आणि मूळ बोल्ट मागून घ्या. दुकानदाराला ते किरकोळ वाटतात आणि बहुधा कोपऱ्यातल्या डब्यात पडलेले असतात. तुमचं निम्मं काम त्यांच्यात आहे. पावतीही घ्या, मालाचा मागमूस कागदावर असलेला बरा.

जाडी व्हर्नियरने मोजा, कडेला नको, मधल्या भागात, कारण कडा दुमडलेली असते. स्टील २ मिमीपेक्षा पातळ नको. ३ मिमी उत्तम. गेजमध्ये सांगायचं तर १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी आणि १० गेज म्हणजे सव्वातीन. ॲल्युमिनियम असेल तर ४ मिमी धरा. ७०० बाय ५०० मिमीची प्लेट २ मिमी स्टीलमध्ये साडेपाच किलो भरते, ३ मिमीमध्ये सव्वाआठ, आणि ४ मिमी ॲल्युमिनियममध्ये पावणेचार. किलोवर भाव होत असेल तर हा हिशेब तिथेच उभ्या उभ्या करता येतो. चुंबक चिकटलं तर स्टील, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा काही जातींचं स्टेनलेस. वजन हातात घेतलं की या दोघांतला फरक लगेच कळतो.

मग प्लेट उन्हाकडे धरून बघा. गंजाने पडलेली बारीक छिद्रं उजेडात चमकतात. हातोडीने ठिकठिकाणी ठोका: टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे गंजाचे पापुद्रे आहेत. बोल्टच्या भोकांभोवती आणि जिथे पत्रा दुमडलाय तिथे केसाएवढी तडही चालणार नाही. मधला पोचा मात्र सोडून द्या, तो निघतो.

पुठ्ठ्याचा साचा

फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. तो क्रॉस मेंबर आणि सबफ्रेम यांच्यामध्ये वर दाबून धरा, अडथळे जिथे येतात तिथे कापा आणि गाडीवरच्या भोकांच्या जागा मार्करने उमटवा. कितीतरी गाड्यांत कंपनीने ठेवलेली रिकामी, आटे असलेली भोकं तिथेच असतात, फक्त चिखलाखाली झाकलेली. तारेच्या ब्रशने घासून शोधा.

अंतरं अशी ठेवा. चेंबर आणि प्लेट यांच्यामध्ये किमान २० मिमी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलतं आणि मार बसल्यावर प्लेटही वर वाकते, दोन्हींना जागा हवी. ड्राइव्ह शाफ्ट, लोअर आर्म आणि बारपासून २५ मिमी. एक्झॉस्टचा पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) यांच्यापासून ५० मिमीहून कमी नको. स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत फिरवून साचा कुठे अडतो का बघा.

टो करण्याचा हूक आणि जॅक लावण्याच्या जागा झाकू नका. प्लेटचं पुढचं टोक बंपरच्या आतच राहू द्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेत बंपरवरच्या क्रॅश गार्डविरुद्ध राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पोटाखालची प्लेट ही ती वस्तू नव्हे. पण पुढे डोकावणारं लोखंड धडकेत पादचाऱ्याला इजा करतं आणि गाडीचा पुढचा भाग जसा चेपला जायला हवा तसा चेपू देत नाही. म्हणून बंपरचा बीम आणि सांगाडा यांना प्लेटने एकमेकांना बांधू नका. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या.

सरळ करणं, कापणं, वाकवणं

स्टीलचा पोचा जाड लाकडी ओंडक्यावर प्लेट उलटी ठेवून थंडच ठोका. कडेपासून सुरुवात करून मध्याकडे या. थेट मध्यावर घाव घातला तर पत्रा ताणला जातो आणि डब्यासारखा टक-टक उसळत राहतो. ॲल्युमिनियमची दुमड पुन्हा पुन्हा सरळ-वाकडी करू नका. दोन-तीनदा वाकवलं की ते चिरतं.

साचा प्लेटवर ठेवून आखा आणि ४ इंची ग्राइंडरला १ मिमीची कटिंग चकती लावून कापा. चष्मा आणि हातमोजे घाला, सैल बाह्या नकोत. कापलेल्या कडा फाइलने गोल करा, नाहीतर पुढच्या ऑइल चेंजला मेकॅनिकचा हात कापेल.

आता सर्वांत महत्त्वाचा आकार. पुढची कड ३० ते ४५ अंशांत वर वळलेली हवी, आणि तिचं टोक क्रॉस मेंबरच्या मागे किंवा वर लपलेलं हवं. प्लेटचं काम दगडाशी भिडण्याचं नाही, दगडावरून घसरण्याचं आहे. सरळ पुढे आलेली कड दगडात रुतते, नांगरासारखी खाली ओढली जाते आणि पुढचे बोल्ट उपटून टाकते. मागची कडही १०-१५ मिमी वर वळवा. उतारावरून गाडी रिव्हर्स घेताना तीच पुढची कड होते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

वेल्डिंग लागलंच तर प्लेट आणि ब्रॅकेट सुटे करून फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. गाडीखाली वेल्डिंग नको: पेट्रोलची नळी जवळ असते आणि करंटने इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जळू शकतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करण्याआधी सांध्याजवळचा मुलामा घासून काढायला सांगा. त्याचा धूर विषारी असतो.

भोकं आणि खिडक्या

चेंबरच्या ड्रेन बोल्टजवळ (जुनं तेल जो सोडून काढतात तो बोल्ट) ६० ते ७५ मिमीची खिडकी ठेवा, पण नेमकी बोल्टखाली नको. बहुतेक गाड्यांत बोल्ट तिरका असतो आणि तेलाची पहिली धार लांब उडते. धार ज्या दिशेने पडेल त्या दिशेला खिडकी लांबट करा. ऑइल फिल्टर खालून निघत असेल तर त्यालाही हात जाईल एवढी जागा हवी. गिअरबॉक्सचा बोल्टही बघून ठेवा.

रेडिएटरमधून येणारी गरम हवा गाडीच्या पोटाखालून बाहेर पडते. बंद प्लेट ती वाट अडवते आणि घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो. म्हणून मागच्या भागात २०-२५ मिमी रुंद, आडव्या तीन-चार फटी ठेवा. शक्य असेल तर त्यांची पुढची कड किंचित खाली दाबा, म्हणजे फटीचं तोंड मागे वळतं, पुढून खडे आत येत नाहीत आणि वाऱ्याने आतली हवा बाहेर खेचली जाते. कोपऱ्यांत २० मिमीची पाण्याची भोकं पाडा.

पकड

पुढे दोन आणि मागे दोन असे किमान चार बोल्ट. ६०० मिमीहून रुंद प्लेटला सहा. जे बोल्ट आधीच लोअर आर्म किंवा सबफ्रेम धरून आहेत त्यांना हात लावू नका. त्यांच्यात प्लेटचा ब्रॅकेट मध्ये घातला तर पकड बदलते, व्हील अलाइनमेंट जातं, आणि काही गाड्यांत ते बोल्ट एकदा सोडले की नवेच लावायचे असतात. कंपनीची रिकामी भोकं वापरा. ती नसतील तर सबफ्रेमला ड्रिल मारण्याऐवजी पट्टीची युक्ती करा: २५ बाय ५ मिमीची, बोटभर लांब लोखंडी पट्टी घ्या, तिला भोक पाडून वर ८ मिमीचा नट वेल्ड करा, टोकाला जाड तार जोडा आणि पोकळ क्रॉस मेंबरच्या मोठ्या भोकातून ती आत सरकवा. तारेने धरून नट भोकावर आणा आणि खालून बोल्ट लावा. पट्टी आतून पत्रा धरून बसते आणि गाडीत एकही नवं भोक पडत नाही.

बोल्ट ८ मिमीचे, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेले घ्या. १२.९ चे जास्त कडक असतात, इथे त्यांचा उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानात एक घोटाळा होतो. १० मिमीचा बोल्ट बाजारात बहुधा १.५ आट्याचा (दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी) मिळतो, आणि जपानी घराण्याच्या गाड्यांत तोच १.२५ आट्याचा असतो. तो दोन फेरे जातो, मग अडतो, जोर लावला की गाडीतले आटे जातात. नवा बोल्ट आधी हाताने पूर्ण आत गेला पाहिजे, मगच पाना. ८ मिमीला आट्याचा हा प्रश्न सहसा येत नाही, दोन्हीकडे १.२५. फक्त पाना बदलतो: जपानी पद्धतीच्या बोल्टला १२ नंबरचा, बाजारातल्याला १३ चा.

प्लेटमधली भोकं १० बाय १६ मिमीची लांबट करा. जुनी प्लेट दुसऱ्या गाडीवर तंतोतंत जुळत नाही, ते थोडं अंतर इथे सामावतं. त्यावर ३ मिमी जाड, २५-३० मिमी व्यासाचा वायसर हवाच. नाहीतर डोकं लांबट भोकातून निसटतं. आवाज टाळायला रबर घालायचं असेल तर ते लोखंडी नळीच्या तुकड्याभोवती घाला, म्हणजे बोल्ट नळीवर घट्ट बसतो. नुसत्या रबरावर आवळलेला बोल्ट आठवड्यात ढिला होतो, कारण रबर दबत जातं. खाली राहणारी डोकी घुमटाकार असतील तर उत्तम. षटकोनी डोकी दगडावर घासून गोल होतात, मग पाना धरत नाही. नायलॉनची रिंग असलेले नट एक्झॉस्टजवळ नकोत, उष्णतेने रिंग मऊ होते. तिथे पूर्ण धातूचे लॉक नट लावा.

रंग, मग चढवणं

कप ब्रशने गंज खरवडा, रस्ट कन्व्हर्टर लावून वाळू द्या, मग रेड ऑक्साइड किंवा जस्तयुक्त प्रायमर आणि वर एनॅमलचे दोन हात. समुद्राकाठच्या गाडीला आतली बाजू बाहेरच्याइतकीच नीट रंगवा, खारं पाणी तिथेच साचतं. ॲल्युमिनियम प्लेट स्टीलला थेट टेकली की ओलाव्यात ती पांढरी होऊन झिजते. मध्ये नायलॉनचा वायसर किंवा रंगाचा जाड थर ठेवा.

चढवायला दुसरा माणूस घ्या किंवा प्लेट ट्रॉली जॅकवर फळी ठेवून उचला. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे लावा. एकच पूर्ण आवळला की बाकीची भोकं सरकतात. मग आधी मागचे, नंतर पुढचे, आलटून-पालटून. ८ मिमीला २२ ते २५ न्यूटन-मीटर, १० मिमीला ४५ च्या आसपास. पावसाळ्यानंतर ते निघायला हवेत म्हणून आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं असेल तर आवळणं थोडं कमी करा, ग्रीसमुळे त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

चाचणी

चेंबरच्या खाली प्लेटवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे किंवा कणकेचे तीन गोळे ठेवा, प्रत्येक २० मिमी उंच. गाडी सुरू करा, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्समध्ये तेच, म्हणजे इंजिन दोन्हीकडे झुकेल. नंतर दोन-तीन गतिरोधकांवरून जाऊन या. गोळा १० मिमीच्या खाली दबला असेल तर स्पेसर वाढवा. चाचणी संपली की गोळे काढून टाका.

ठरावीक वेगालाच घुंगुर्र असा आवाज आला तर प्लेट त्या कंपनात सूर धरतेय. बोल्ट आणखी आवळून तो जात नाही. पत्रा सांगाड्याला जिथे नुसता टेकतो तिथे ३ मिमी रबराची पट्टी चिकटवा, किंवा मोठ्या सपाट भागात एखादी घडी पाडून घ्या. सतत ठोके येत असतील तर मात्र काहीतरी लागतंय. रंग कुठे खरवडला आहे ते बघा, जागा लगेच सापडेल.

१०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, मग ५०० नंतर. त्यापुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला. प्लेट असली की तेलाची गळती जमिनीवर दिसत नाही, ती प्लेटवरच साचते. म्हणून डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) पूर्वीपेक्षा जास्त वेळा ओढा. पावसाळ्यात आतला चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढा, आणि माळावरून, कापणीनंतरच्या शेतातून गाडी नेली असेल तर प्लेटवर अडकलेलं सुकं गवत त्याच दिवशी हाताने काढा. एक्झॉस्टजवळ ते पेट घेतं.

जोरदार मार बसल्यावर प्लेट शाबूत दिसली तरी उतरवून बघा. ब्रॅकेट वाकला असेल तर सरळ करून परत लावू नका, नवा करून घ्या. बोल्ट सगळेच बदला.